एका जिन्यावरचे दोन झेंडे : कॅटलोनियातलं १ ऑक्टोबर

गच्चीतली तुळस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "कॅटलोनियात ९० टक्के लोकांना स्वतंत्र व्हायचं होतं, स्पेननं दडपलं, विषय संपला." तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं, पण ते वाक्य टोचत राहिलं. १ ऑक्टोबर २०१७ ला कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनच्या स्वायत्त प्रदेशात, स्वतंत्र व्हायचं का यावर सार्वमत झालं. तेव्हा मी इथेच होते, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. लांबलाय, सवडीनं वाचा.

मी २०१३ पासून बार्सिलोनाच्या सांत्स भागात राहते. हे इथलं जुनं गिरणगाव. मोठ्या कापडगिरणीच्या जागेवर आता बाग झालीय, पण आसपासच्या कामगारांच्या इमारती तशाच उभ्या आहेत. आमची चार मजली आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्यात रोज सगळ्यांची गाठ पडते.

पहिल्या मजल्यावर आजी राहतात. त्या अंदालुसियातल्या हाएन प्रांताच्या, ऑलिव्ह तोडायला मजुरीनं जाणाऱ्या घरातल्या. १९६२ साली, अठराव्या वर्षी, आगगाडीनं इथं आल्या आणि गिरणीत लागल्या. तेव्हा दक्षिणेतून अशी लाखो माणसं आली. बार्सिलोनाभोवतीची ओस्पितालेत, कोर्नेया, बादालोना ही गावं त्यांनीच भरली. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्या पक्क्या कॅटलन. त्यांचं सगळं शिक्षण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत फक्त स्पॅनिशमधून झालं. स्वतःच्या मातृभाषेत लिहायला त्या पंचविशी उलटल्यावर शिकल्या आणि मग जन्मभर मुलांना तीच भाषा शिकवली. आजींच्या दोन्ही मुली त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

दर ३१ ऑक्टोबरला मास्तरीणबाई पानेयेत्स करतात, म्हणजे बदामाच्या पिठाचे, बाहेरून चिलगोजे लावून भाजलेले छोटे लाडू. एक ताटली खाली आजींकडे जाते. नाताळात त्याच ताटलीत आजींचे मधात घोळवलेले पेस्तिन्योस वर येतात. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत इथेही आहे हे मला त्या ताटलीमुळे कळलं. पांढरी, काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेली.

आता २०१७. ६ सप्टेंबरला कॅटलन संसदेनं सार्वमताचा कायदा मंजूर केला. मतदानाच्या वेळी विरोधी पक्षांचे बहुतेक सभासद उठून गेले होते, अर्धं सभागृह रिकामं. दुसऱ्याच दिवशी स्पेनच्या घटना न्यायालयानं कायद्याला स्थगिती दिली. २० सप्टेंबरला ग्वार्दिया सिव्हिलनं, म्हणजे स्पेनच्या निमलष्करी पोलीस दलानं, कॅटलन सरकारच्या कचेऱ्यांवर छापे घातले, अधिकारी उचलले, जवळजवळ एक कोटी मतपत्रिका जप्त केल्या. त्याच दिवसांत रात्री दहाच्या ठोक्याला गॅलऱ्यांमधून पातेली वाजायला लागली. आमच्या चौकात पंधरा मिनिटं नुसता धातूचा कल्लोळ. मास्तरीणबाई लोखंडी तवा घेऊन उभ्या राहायच्या. आजी त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवायच्या. बाहेरून हजारो पोलीस आणले होते, आणि त्यातले बरेचसे बंदरातल्या एका प्रवासी जहाजावर राहत होते. त्या जहाजावर ट्विटी पक्ष्याचं भलंमोठं चित्र होतं. चित्र पाहून मुलं खूश व्हायची आणि मोठी माणसं गप्प.

३० तारखेच्या रात्री कोपऱ्यावरच्या शाळेत पालक मुक्कामाला गेले. पोलिसांनी शाळा बंद करू नये म्हणून शनिवारभर मुलांचे खेळ ठेवले होते आणि रात्री जिमखान्यात गाद्या टाकल्या होत्या. मला मत नव्हतं, मी भारतीय नागरिक. पण मास्तरीणबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून पहाटे पाचला त्यांच्याबरोबर मीही गेले. पाऊस पडत होता. छत्र्यांखाली तीनेकशे माणसं आणि अगदी हलक्या आवाजातलं बोलणं. उजाडायच्या आधी एक गाडी आली, काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी हातोहात आत गेलं. काळ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या मतपेट्या. कित्येक आठवडे त्या लोकांच्या घरांत लपवलेल्या होत्या आणि इतके पोलीस शोधत असूनही सापडल्या नव्हत्या.

मतदान सुरू व्हायच्या तासभर आधी जाहीर झालं की कुणीही कुठल्याही केंद्रावर मत देऊ शकतो आणि घरी छापलेली मतपत्रिकाही चालेल. इंटरनेट सारखं बंद पडत होतं, यादी तपासायचं अ‍ॅप अडकत होतं. मास्तरीणबाईंना मत द्यायला साडेपाच तास लागले. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवरून आत नेत होते आणि ती बाहेर आली की रांग टाळ्या वाजवत होती. दुसरीकडे सगळ्यांच्या फोनवर इतर शाळांमधले व्हिडिओ येत होते. दारं फोडताहेत, बायकांना जिन्यावरून ओढताहेत, लाठ्या चालताहेत. एका माणसाचा तर रबरी गोळीनं डोळा गेला. आमच्या शाळेत पोलीस आलेच नाहीत. पण दर सायरनला ती तीनशे माणसं एकमेकांच्या हातात हात अडकवून दारात दाटीनं उभी राहायची. माझ्या दंडाला एका अनोळखी मुलीनं इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ उठला होता.

दुपारी घरी आले तर आजींच्या घराची सगळी शटरं खाली. म्हटलं बरं नाहीये की काय, म्हणून बेल वाजवली. अंधारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "गेले तर त्यांच्या आकड्यात एक भर. नाही गेले तर मी नव्हतेच. मला कुणी विचारलंच नाही गं."

रात्री आकडे यायला लागले, पक्के काही दिवसांनी आले. कॅटलन सरकारच्या हिशोबानं स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या बाजूनं सुमारे २० लाख ४४ हजार मतं, म्हणजे ९० टक्के. विरोधात पावणेदोन लाखांच्या आसपास. मतदान ४३ टक्के. पोलिसी कारवाईनंतर उपचार घेतलेले लोक हजारावर.

मला एवढंच म्हणायचंय. त्या एका दिवशी या जिन्यात दोन माणसांवर अन्याय झाला. एकीला मत देताना लाठीची भीती दाखवली गेली. दुसरीचं मत जमेत धरायची कुणाला गरजच वाटली नाही. ९० टक्क्यांच्या त्या आकड्यात ही दोन्ही दुखणी दिसत नाहीत.

---

सह्यकडा

छान लिहिलंय, डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक बाळबोध शंका. ब्रिटननं २०१४ मध्ये स्कॉटलंडला रीतसर मतदान करू दिलं. तिथं ५५ टक्के लोक "नको" म्हणाले आणि प्रश्न निदान तेवढ्यापुरता मिटला. स्पेनला काय अडचण होती?

---

कायदाकानू

@सह्यकडा, ब्रिटनला लिखित घटना नाही, संसदेनं ठरवलं की झालं. स्पेनच्या १९७८ च्या घटनेचं दुसरंच कलम राष्ट्राची एकता अभेद्य असल्याचं सांगतं, आणि त्याच कलमात प्रदेशांच्या स्वायत्ततेची हमीही आहे. फ्रँकोनंतरच्या तडजोडीतून आलेली ही घटना आहे. तिच्या सार्वमतात कॅटलोनियानं ९० टक्क्यांहून जास्त मतांनी होकार दिला होता. म्हणजे ती कुणी बाहेरून लादलेली नाही. ४३ टक्के मतदान, विरोधकांशिवाय झालेला कायदा, ऐन वेळी बदललेले नियम, तटस्थ निवडणूक आयोग नाही. अशा मतदानावर देश तोडायचा निर्णय कुठल्याही न्यायालयानं मान्य केला नसता. आपल्याकडचं न्यायालय तरी करेल का?

लाठीमार चूक होता हे मान्य. पण लाठीमार चूक होता म्हणून मतदान बरोबर ठरत नाही.

---

गच्चीतली तुळस

कायदाकानू, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. फक्त कायद्याची गोष्ट २०१७ पासून सुरू करू नका. ती २००६ पासून वाचावी लागते.

कॅटलोनियाच्या संसदेनं २००५ मध्ये नवा स्वायत्तता कायदा केला, १३५ पैकी १२० सभासदांच्या पाठिंब्यानं. माद्रिदच्या संसदेनं त्यात काटछाट केली, तीही लोकांनी गिळली. २००६ च्या जूनमध्ये त्यावर रीतसर, कायदेशीर सार्वमत झालं आणि जवळपास ७४ टक्के मतांनी तो मंजूर झाला. मग स्पेनमधली उजवी पॉप्युलर पार्टी घटना न्यायालयात गेली. न्यायालयानं चार वर्षं घेतली आणि २०१० च्या जूनमध्ये त्यातली १४ कलमं पूर्णतः वा अंशतः रद्द केली. कॅटलोनियाला "राष्ट्र" म्हणणाऱ्या प्रस्तावनेला कायदेशीर अर्थ नाही, असंही सांगितलं.

मास्तरीणबाई म्हणतात, त्या दिवसापर्यंत मी स्वातंत्र्यवादी नव्हते. सगळं नियमानं केलं, दोन्ही संसदांनी मान्य केलं, लोकांनी मत दिलं, आणि तरी शेवटी कात्री लागली. मग आमच्या मताला अर्थ काय? इथले असंख्य लोक हेच सांगतात. त्याच काळात मंदी आली, दवाखाने आणि शाळांचे पैसे कापले गेले, आणि "आपले कर माद्रिदला जातात" हे वाक्य घराघरात पोचलं. २०१२ च्या ११ सप्टेंबरला लाखो लोक रस्त्यावर उतरले. हा १७१४ मध्ये बार्सिलोना पडल्याचा स्मरणदिन. त्याच महिन्यात कॅटलन अध्यक्ष आर्तुर मास पंतप्रधान राहोय यांच्याकडे बास्क प्रांतासारखी करवसुलीची सोय मागायला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. २०१३ मध्ये उत्तर ते दक्षिण ४०० किलोमीटरची मानवी साखळी झाली. इतकं होऊनही माद्रिदमधून एकच उत्तर येत होतं, बेकायदा आहे. राजकारणानं सोडवायचा प्रश्न सरकारनं न्यायाधीशांच्या टेबलावर ढकलून दिला आणि वर्षानुवर्षं हात झटकले. माझा राग यावर आहे.

---

पणतीचा उजेड

+१. मीही तेव्हा शिकायला जिरोनात होते. आमच्या भागात तर विरोधी सूरच नव्हता, प्रत्येक गॅलरीत एस्तेलादा, म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांचा झेंडा, निळ्या त्रिकोणात पांढरा तारा. कॅटलन अध्यक्ष पुचदेमोन जिथं मत देणार होते त्या गावातल्या केंद्राची काच फोडून ग्वार्दिया सिव्हिल आत शिरली होती. ते दुसऱ्याच गावात मत देऊन आले. मला कायद्याच्या गोष्टी सांगू नका. शांतपणे कागदाची घडी पेटीत टाकणाऱ्या माणसाला मारणं हे लोकशाही देशात झालं आणि युरोपियन युनियननं "स्पेनची अंतर्गत बाब" म्हणून मान फिरवली.

आणि पुढं? दोन जोर्दी, सांचेझ आणि कुइशार्त. दोघं नागरी संघटनांचे प्रमुख, कुठल्याही सरकारी पदावर नाहीत. २० सप्टेंबरच्या निदर्शनांवरून १६ ऑक्टोबरला आत गेले ते २०२१ च्या जूनमध्ये बाहेर आले. खटल्याचा निकाल २०१९ मध्ये लागला, नऊ जणांना ९ ते १३ वर्षं. उपाध्यक्ष जुंकेरास यांना १३. मतपेट्या ठेवल्याबद्दल! माझी घरमालकीण तुरुंगातल्या नेत्यांच्या पाठिंब्याची पिवळी फीत दोन वर्षं कोटाला लावून फिरत होती. त्या फितीवरून तिला बसमध्ये शिव्या ऐकायला मिळाल्या.

---

वाटसरू

मी तेव्हा माद्रिदला होतो, तिथलं थोडं सांगतो, कारण ती बाजू मराठीत कुठं वाचायला मिळत नाही.

माझ्या ऑफिसातली एक सहकारी बार्सिलोनाची. बापाकडून अरागोनची, आईकडून कॅटलन. त्या महिन्यात तिला रोज कुणीतरी विचारायचं, "मग, तू कुठल्या बाजूची?" ती जेवायला एकटी बसायला लागली. आमच्या गल्लीत अचानक प्रत्येक खिडकीत स्पेनचा लाल-पिवळा झेंडा आला. फुटबॉलचा विश्वचषक सोडला तर तो झेंडा इतका उघडपणे मिरवलेला मी पाहिला नव्हता, कारण फ्रँकोच्या काळाची सावली त्याला चिकटलेली होती. आणि काही गावांमधून पोलिसांच्या गाड्या कॅटलोनियाकडे निघाल्या तेव्हा लोक "धरा त्यांना" अशा घोषणा देत होते. आपल्याच देशातल्या माणसांकडे निघालेल्या पोलिसांना! ते ऐकून माझी सहकारी रडली. तिचं मत स्वातंत्र्याच्या विरोधात होतं, हे मला खूप नंतर कळलं.

राजानं ३ ऑक्टोबरच्या रात्री भाषण केलं. कॅटलन सरकारच्या बेकायदा वागण्याबद्दल कडक बोलला. लाठ्या खाल्लेल्या माणसांबद्दल एक शब्द नाही. माझे स्पॅनिश मित्रही तेव्हा खट्टू झाले होते.

---

मांडवीकाठ

मी गोव्याचा. हा धागा वाचताना १९६७ आठवल्याशिवाय कसं राहील?

आमच्याकडचा प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, एवढाच होता. पण घरं दुभंगली होती ती अशीच. आमच्या घरात आजोबा "फूल", त्यांचे धाकटे भाऊ "दोन पानं". फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा गोवा. आजी सांगायची, त्या डिसेंबरात दोघं भाऊ एका पंगतीला बसेनात, तिला दोनदा वाढावं लागायचं. मराठी की कोंकणी हा वाद तर उंबऱ्याच्या आतला. विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात तिखट लिहिणारं "राष्ट्रमत" हे दैनिकही मराठीच होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. ८१ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ आणि विलीनीकरणासाठी १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. म्हणजे काही एकतर्फी निकाल नव्हे. तरी तो सगळ्यांनी मानला. का मानला? भारताच्या संसदेनं त्यासाठी खास कायदा केला होता. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला होता, आणि ते स्वतः विलीनीकरणाचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते! दोन्ही बाजूंनी गावोगाव सभा घेतल्या, दोन्ही बाजूंची माणसं केंद्रांवर बसली. आजोबा हरले, दोन दिवस जेवले नाहीत, पण "हे मतदानच नव्हे" असं कधी म्हणाले नाहीत. पुढं दोन-अडीच महिन्यांत विधानसभेच्या निवडणुका झाल्या आणि लोकांनी त्याच बांदोडकरांना परत निवडून दिलं.

तुळसताई, तुमच्या आजी अंधारात बसल्या होत्या ना, तिथं मला सगळा फरक दिसला. आमच्याकडे दोन पानंवाला आणि फूलवाला एकाच रांगेत उभे होते.

---

कायदाकानू

मांडवीकाठ, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. देशाच्या आत राज्यांची फेररचना करायचा अधिकार आपल्या घटनेनं संसदेला दिलेला आहे, त्यामुळे तिथं वाट मोकळी होती. देशाबाहेर पडण्याचा प्रश्न असता तर दिल्लीनं असं मतदान घेतलं नसतं. तुलना करताना एवढं लक्षात असू द्यावं.

---

मांडवीकाठ

मान्य आहे, ते मीही सुरुवातीलाच लिहिलंय. मी फक्त हरलेल्या माणसाबद्दल बोलत होतो.

---

मॉन्ट्रियलचा बर्फ

क्युबेकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कॅनडापासून वेगळं व्हायचं का यावरचं १९९५ चं सार्वमत मी इथं नव्याने आलेली असताना पाहिलं. ३० ऑक्टोबर. ५०.५८ टक्के "नको", ४९.४२ टक्के "हवं", मतदान ९३ टक्क्यांच्या वर. सबंध प्रांतात फरक पंचावन्न हजारांहूनही कमी मतांचा. रात्री आमच्या इमारतीत अर्ध्या घरांतून आनंदाचे आवाज आणि अर्ध्या घरांतून काहीच नाही. हरलेल्या बाजूच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच रात्री पराभवाचं खापर पैसा आणि स्थलांतरितांच्या मतांवर फोडलं. तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सगळ्या देशी, ग्रीक, इटालियन बायका एकमेकींकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव घेताना मला पहिल्यांदा परकं वाटलं.

म्हणजे रीतसर मतदान झालं की सगळं आलबेल होतं असं नाही. पण पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना बांधून टाकलं. प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकी देशाला वाटाघाटींना बसावंच लागेल. दुसरा भाग स्पेनच्या न्यायालयानं कॅटलोनियाला असा कधी देऊ केला नाही. घटना बदलल्याशिवाय दार उघडणार नाही, एवढंच सांगितलं.

---

सह्यकडा

एक वेगळा मुद्दा. कॅटलोनिया स्पेनच्या उत्पन्नात जवळपास पाचवा हिस्सा घालतो असं वाचलं. मग हे शेवटी श्रीमंतांचं "आमचं आम्हाला" नाही का? उद्या प्रत्येक श्रीमंत प्रदेश असं म्हणायला लागला तर? आणि उद्योग-धंदे पळाले म्हणे त्या वेळी.

---

गच्चीतली तुळस

सह्यकडा, पैशाचा मुद्दा आहेच, नाकारत नाही. कर किती जातात आणि किती परत येतात याचे हिशोब दोन्ही बाजूंनी इतक्या तऱ्हांनी मांडलेत की मी त्यात पडत नाही. पण मास्तरीणबाई पेन्शनवर जगतात आणि त्यांचं घर आजींच्या घरापेक्षा लहान आहे. त्या पावसात साडेपाच तास पैशासाठी उभ्या नव्हत्या.

उद्योगांचं खरं आहे. मतदानानंतर आठवड्याच्या आत काइशाबँकेनं नोंदणीकृत कचेरी वालेन्सियाला हलवली, साबादेल बँकेनं आलिकांतेला. पाठोपाठ हजारो कंपन्या. त्या शुक्रवारी आजींनी मला बँकेत बरोबर नेलं, पासबुक भरून घ्यायला. रांग रस्त्यापर्यंत होती. साबादेल बँक २०२५ च्या जानेवारीत परत आली.

आकड्यांबद्दल मला जे सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते वर राहिलं. हे जरा नीट बघा. २०१४ च्या नोव्हेंबरमधली बंधनकारक नसलेली मतचाचणी: स्वातंत्र्याच्या बाजूनं साधारण साडेअठरा लाख मतं, टक्केवारी ८० च्या वर. २०१५ ची प्रादेशिक निवडणूक: स्वातंत्र्यवादी पक्षांना साडेएकोणीस लाखांच्या वर, टक्केवारी ४८ च्या जरा खाली. २०१७ चं सार्वमत: २० लाख ४४ हजार, ९० टक्के. त्याच वर्षीची २१ डिसेंबरची निवडणूक, जिथं ७९ टक्के लोक मतदानाला आले: २० लाख ७९ हजारांच्या आसपास, टक्केवारी साडेसत्तेचाळीस.

माणसं तीच आहेत! प्रत्येक वेळी तेच वीस लाख. इतक्या निष्ठेनं चारही वेळा येणारी वीस लाख माणसं कुठल्याही देशानं गांभीर्यानं घ्यायला हवीत. पण टक्केवारी ४७ होते की ९० होते, हे उरलेले लोक घरी बसतात की बाहेर पडतात त्यावर ठरतं. म्हणून मला त्या धाग्यावरचं "९० टक्के" इतकं टोचलं होतं. त्यात माझ्या आजी पुसल्या जातात. आणि माद्रिदमधले लोक "मूठभर फुटीर" म्हणतात तेव्हा मास्तरीणबाई पुसल्या जातात.

डिसेंबरच्या त्या निवडणुकीत सगळ्यात मोठा पक्ष ठरला सिउदादानोस, ३६ जागा, स्वातंत्र्याच्या ठाम विरोधातला. पण १३५ पैकी ७० जागा स्वातंत्र्यवाद्यांकडे. इतका सरळ दुभंग मी कुठल्या निकालात पाहिला नव्हता.

मधल्या दिवसांचं थोडक्यात सांगते. ७ ऑक्टोबरला "बोला एकमेकांशी" म्हणत लोक पांढरे कपडे घालून नगरपालिकांसमोर जमले, बार्सिलोनात आणि माद्रिदमध्येही. मीही माझा पांढरा कुर्ता घालून गेले होते. झेंडे आणू नका असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, स्पेनच्या एकतेसाठी प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांच्या अंदाजानं साडेतीन लाख माणसं, आयोजकांच्या म्हणण्यानं नऊ लाखांच्या वर. आजी ७३ व्या वर्षी आयुष्यातल्या पहिल्या मोर्चाला गेल्या. संध्याकाळी खांद्यावर स्पेनचा झेंडा घेऊन जिना चढत होत्या आणि वरून मास्तरीणबाई कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होत्या. मी माझ्या दारात कुलूप काढत होते. मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आजींना जागा दिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. एवढंच घडलं. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही.

१० ऑक्टोबरला पुचदेमोन यांनी स्वातंत्र्य घोषित केल्यासारखं केलं आणि काही सेकंदांत स्थगितही केलं. २७ ला कॅटलन संसदेत ७० विरुद्ध १० मतांनी घोषणा झाली, पुन्हा अर्धं सभागृह रिकामं. त्याच दिवशी माद्रिदच्या सिनेटनं घटनेचं १५५ वं कलम लावून स्वायत्तता गोठवली. पुचदेमोन बेल्जियमला गेले, जुंकेरास तुरुंगात.

त्या घोषणेनंतर चार दिवसांनी ३१ ऑक्टोबर होता. जिन्यात बदाम भाजल्याचा वास होता. ताटली खाली गेली नाही.

---

पणतीचा उजेड

तुळसताई, हे वाचून गप्प झाले. वीस लाखांचा हिशोब मी असा मांडून पाहिला नव्हता. मारहाणीबद्दलचा माझा राग कमी झालेला नाही, होणारही नाही. पण जिरोनात "विरोधी सूर नव्हता" असं मी वर लिहिलंय ना, ते आता तपासायला हवं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक्स्त्रेमादुराहून आलेलं एक जोडपं होतं. त्यांच्या गॅलरीत कुठलाच झेंडा नव्हता. मी त्यांना कधी काही विचारलं नाही.

---

कायदाकानू

पुढच्या घडामोडी नव्या वाचकांसाठी: पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या सरकारनं २०२१ च्या जूनमध्ये नऊही नेत्यांना माफी दिली, नंतर ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना शिक्षा झाली होती ते कलमच दंडसंहितेतून काढलं. २०२४ च्या मेमध्ये सर्वक्षमा कायदा १७७ विरुद्ध १७२ मतांनी मंजूर झाला, आणि घटना न्यायालयानं २०२५ च्या जूनमध्ये तो मुख्यतः वैध ठरवला. पुचदेमोन यांना मात्र सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत तरी तो लागू केला नव्हता. २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचं बहुमत गेलं आणि समाजवादी साल्वादोर इल्या अध्यक्ष झाले. सर्वक्षमेच्या मी विरोधात होतो. पण वातावरण निवळलं हे मान्य करावं लागेल.

---

मांडवीकाठ

राजकारण राहू द्या. त्या दोघी आता बोलतात का?

---

गच्चीतली तुळस

मांडवीकाठ, हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

बोलतात, पण कामापुरतं. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, सोसायटीची वर्गणी. २०१७ चा नाताळ पेस्तिन्योसशिवाय गेला. २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला मास्तरीणबाईंनी माझ्या दारात ताटली आणून ठेवली, वर फडकं झाकलेलं, आणि म्हणाल्या, "तूच दे खाली." त्यांच्या कोटावर पिवळी फीत होती. मी नेली. आजींनी फडकं उचललं, एक लाडू तिथंच उभ्याने खाल्ला आणि म्हणाल्या, "साखर कमी केलीय तिनं. डॉक्टरनं सांगितलं असेल." डिसेंबरात त्यांनी ताटली भरून माझ्याच हातात दिली, "वर नेऊन दे."

तेव्हापासून तसंच चाललंय. निकाल लागला त्या वर्षी, करोनाच्या वर्षी, माफी मिळाली त्या वर्षी, दर वर्षी मी एकदा खाली जाते आणि एकदा वर. मतदानाबद्दल दोघींमध्ये चकार शब्द नाही. आजींचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि मास्तरीणबाई पहिल्या मजल्यावर थांबत नाहीत. गेल्या वर्षी मात्र मी ताटली घेऊन खाली उतरत होते तर वरून आवाज आला, "गरम आहेत म्हणावं, जरा थांबून खा." आजींनी दारातून ऐकलं. त्यांनी वर मान करून कॅटलनमध्ये उत्तर दिलं, "ऐकलं, ऐकलं." त्यांना कॅटलन बोलताना मी तोवर ऐकलंच नव्हतं.

परवा ३१ तारीख. मास्तरीणबाईंचा आज निरोप आलाय, चिलगोजे यंदा फार महाग झालेत, जाताना बाजारातून पावशेर घेऊन ये.